आधी व्हिसाचा रस्ता ठरवा, मग लग्नाची तारीख काढा

ओळखीतल्या एका जोडप्याने अमेरिकेच्या फियान्से व्हिसाचं पिटिशन टाकलं होतं. चार-पाच महिने झाले, उत्तर नाही. मधे तो तिला भेटायला गेला, घरचे सगळे जमलेलेच होते, म्हणून दोघांनी तिथल्याच रजिस्ट्रार ऑफिसात सही करून टाकली. आता तर कागदोपत्री नवरा-बायको झालो, म्हणजे केस आणखी पक्की झाली असं दोघांना मनापासून वाटत होतं. झालं उलटंच. फियान्से व्हिसा हा लग्न न झालेल्यांसाठी असतो, त्यामुळे सही केली त्या दिवशी ते पिटिशन निकामी झालं, भरलेली फी गेली आणि स्पाउस व्हिसाची रांग पहिल्यापासून धरावी लागली. यात कुणी खोटं बोललं नव्हतं, कुठला कागद कमी नव्हता, फक्त क्रम चुकला.

सगळे पहिला प्रश्न हाच विचारतात की कुठला व्हिसा लवकर मिळतो. मला विचाराल तर त्याच्या आधी दुसरा प्रश्न विचारा. थांबायचं तर आहेच, पण कुठे थांबायचं? लग्नाआधी आपापल्या देशात की लग्नानंतर नव्या देशात, आणि त्या थांबलेल्या काळात जोडीदाराला नोकरी करता येणार का, आईवडील आजारी पडले तर जाऊन परत येता येणार का? बहुतेक रस्त्यांवर एकूण वेळ थोड्याफार फरकाने सारखाच जातो, फरक पडतो तो हात कधी बांधलेले असतात यात. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे डोक्यात ठेवून वाचा.

पहिली पायरी: बोलावणारा नक्की कोण आहे ते लिहून काढा

म्हणजे स्पॉन्सर करणारी व्यक्ती त्या देशाची नागरिक आहे, कायमची रहिवासी आहे, की स्वतःच नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर आहे. अर्धे रस्ते इथेच गळतात. अमेरिकेचा के-१ म्हणजे फियान्से व्हिसा फक्त सिटिझनलाच मागता येतो, ग्रीन कार्डवाल्याला नाही. ग्रीन कार्डवाल्याने आधी लग्न करायचं, आय-१३० म्हणजे जोडीदाराला बोलवायचा अर्ज टाकायचा आणि मग एफ-२ए नावाच्या कॅटेगरीत उभं राहायचं, जिला दरवर्षीचा कोटा आहे आणि रांग कुठवर सरकली ते दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमधे बघावं लागतं. सिटिझनच्या नवऱ्याला किंवा बायकोला असा कोटा नाही. त्यामुळे सिटिझनशिप वर्षभरात मिळणार असेल तर पूर्ण हिशोबच बदलतो, आणि आधीच टाकलेला आय-१३० सिटिझन झाल्यावर वरच्या कॅटेगरीत नेता येतो, फेकून द्यावा लागत नाही.

नोकरीच्या व्हिसावर असलेल्याचं वेगळं. तिथे स्पॉन्सरशिप वगैरे भानगड नसते, जोडीदार डिपेंडंट म्हणून येतो, आणि हा बऱ्याचदा सगळ्यात कमी कटकटीचा रस्ता असतो. पण त्याची दोरी मुख्य व्हिसावाल्याच्या नोकरीला बांधलेली असते, नोकरी गेली की दोघांचंही गेलं. शिवाय डिपेंडंटला काम करता येईलच असं नाही. अमेरिकेत एच-१बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्याच्या जोडीदाराला एच-४ मिळतो, त्यावर सरसकट नोकरी करता येत नाही.

युरोपात तर एक गंमतच आहे. युरोपियन युनियनचा नागरिक स्वतःच्या नाही तर दुसऱ्या सदस्य देशात राहत असेल तर त्याच्या परदेशी जोडीदाराला २००४/३८ क्रमांकाचं डायरेक्टिव्ह लागू होतं, म्हणजे व्हिसा फुकट, तोही लवकर द्यायचा असं बंधन, आणि पाच वर्षं राहिल्यावर कायमचा हक्क. आता बघा, जर्मनीत राहणाऱ्या आणि तिथे नोकरी करणाऱ्या स्पॅनिश माणसाच्या बायकोला जर्मन भाषेची परीक्षा लागत नाही, पण जर्मनीतच राहणाऱ्या जर्मन माणसाच्या बायकोला साधारणपणे येण्याआधीच ए-१ म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीचं जर्मन दाखवावं लागतं. काही देशांच्या नागरिकांना यातून सूट आहे. स्वतःच्या देशात नागरिकाला परक्यापेक्षा कमी सवलत, हे पचायला जड जातं पण कायदा तसाच आहे. त्यामुळे जोडीदाराकडे ईयू पासपोर्ट असेल आणि तो आपल्या देशाबाहेर राहत असेल तर आधी हाच रस्ता तपासा, बाकीचे नंतर.

दुसरी पायरी: राहणार कुठे आणि कधीपासून

हे इतकं उघड आहे की कुणी नीट बोलतच नाही. दोघं मिळून कुठेतरी तिसऱ्याच देशात दोन-तीन वर्षं राहणार असाल तर आत्ता धावपळ करून इमिग्रंट व्हिसा काढण्यात अर्थ नसतो, कारण असे व्हिसे ठरावीक मुदतीत वापरावे लागतात आणि कायमचं रहिवासी कार्ड हातात घेऊन बाहेरच राहिलात तर ते धोक्यात येतं. उलट थांबण्याचा फायदा होऊ शकतो. अमेरिकेत शिरताना लग्नाला दोन वर्षं पूर्ण झाली नसतील तर सीआर-१ म्हणजे कंडिशनल, दोन वर्षांचं कार्ड मिळतं आणि नंतर अट काढायला आय-७५१ चा अख्खा नवा अर्ज. दोन वर्षं झाल्यावर शिरलात तर आयआर-१, थेट दहा वर्षांचं कार्ड. लग्नाला एकवीस-बावीस महिने झालेत आणि व्हिसा आत्ताच हातात आलाय अशी वेळ असेल, तर व्हिसाची मुदत बघून दोन महिने उशिरा विमानात बसणं शहाणपणाचं ठरू शकतं.

कॅनडाचं असं आहे की स्पॉन्सर सिटिझन असेल तर परदेशात राहूनही अर्ज करू शकतो, फक्त जोडीदाराला पीआर (कायमचं रहिवासीपण) मिळाल्यावर कॅनडात परत राहणार हे दाखवावं लागतं. पीआरवाल्या स्पॉन्सरला मात्र कॅनडातच राहत असणं भाग आहे.

आणि हो, उलट दिशाही विचारात घ्या. सगळे गृहीत धरतात की जायचं ते श्रीमंत देशातच. भारतीय नागरिकाशी लग्न केलेल्या परदेशी जोडीदाराला, लग्न रजिस्टर होऊन ते सलग दोन वर्षं टिकलं असेल तर ओसीआय कार्डासाठी (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) अर्ज करता येतो. काहींना यासाठी अपात्र ठरवलेलं आहे, पाकिस्तान किंवा बांगलादेशचं नागरिकत्व असलेले वगैरे, पण बाकीच्यांनी निदान तुलना तरी करावी.

तिसरी पायरी: रस्ते समजून घ्या

देश कुठलाही असो, ढोबळ मानाने रस्ते चारच.

पहिला फियान्सेचा. लग्नाआधी व्हिसा घ्यायचा, तिकडे जाऊन ठरलेल्या मुदतीत लग्न करायचं, मग तिथूनच पुढचा अर्ज. दुसरा म्हणजे बाहेर कुठेतरी लग्न करून स्पाउस म्हणून व्हिसा घेऊन जायचं. तिसरा, जोडीदार आधीच त्या देशात दुसऱ्या कारणाने आहे, तिथेच लग्न करून स्टेटस बदलायचा. चौथा म्हणजे लग्नच न करता पार्टनर म्हणून अर्ज करायचा. चौथ्याकडे लोक बघतही नाहीत, पण कॅनडात एक वर्ष सलग एकत्र राहिलेल्यांना कॉमन-लॉ पार्टनर म्हणून स्पॉन्सर करता येतं, ऑस्ट्रेलियात डी फॅक्टो नातं अर्जाआधी साधारण बारा महिन्यांचं लागतं. आधीपासून एकत्र राहत असाल तर लग्नाची घाई व्हिसासाठी करायची गरजच नाही, घरच्यांसाठी करा हवी तर.

चारही रस्ते सगळीकडे नसतात. कॅनडात फियान्से व्हिसा नाहीच, जपानमधेही नाही. जपानला लग्न करून, सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी म्हणजे पात्रतेचा दाखला काढून स्पाउस म्हणूनच जायचं, आणि तो स्टेटस मिळाला की कामावर बंधन नाही. ऑस्ट्रेलियात सबक्लास ३०० आहे, नऊ ते पंधरा महिन्यांचा, आणि त्याच्यावर नोकरी करता येते, म्हणजे फियान्से व्हिसांमधे तो जरा उदार आहे. ब्रिटनचा फियान्से व्हिसा सहा महिन्यांचा आणि नोकरीला सक्त मनाई. अमेरिकेचा के-१ तर उतरल्यापासून ९० दिवसांचा, वाढवून मिळत नाही, आणि ज्याने पिटिशन टाकलं त्याच्याशीच लग्न करून पुढे जाता येतं. ठरलेलं लग्न मोडलं तर परत जायचं, दुसरा कुठला स्टेटस आतून मागता येत नाही.

ब्रिटनमधे मॅरेज व्हिजिटर नावाचा आणखी एक व्हिसा आहे आणि त्यावरून लोक हमखास फसतात. नावात मॅरेज आहे म्हणून घेतात, पण तो फक्त तिथे येऊन लग्न करून परत जाणाऱ्यांसाठी आहे, त्याच्यावरून आतूनच स्पाउसमधे बदल करता येत नाही. साध्या व्हिजिटर व्हिसावरून तर नाहीच.

चौथी पायरी: थांबण्याचा खरा हिशोब

इथे जरा सावकाश वाचा, कारण निर्णय खरा इथेच होतो.

अमेरिकेचं उदाहरण घेऊ, सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच असतो. के-१ चा प्रवास असा. सिटिझनने आय-१२९एफ म्हणजे फियान्से व्हिसाचं पिटिशन टाकायचं, मंजुरी, मग कॉन्सुलेटचा इंटरव्ह्यू, मग प्रवास, ९० दिवसांत लग्न, मग ग्रीन कार्डसाठी आय-४८५. आता या आय-४८५ चं उत्तर येईपर्यंत जोडीदार तिथेच घरात, सोबत, हे चांगलं. पण वर्क परमिट हातात पडेपर्यंत नोकरी नाही, आणि ॲडव्हान्स परोल म्हणजे बाहेर जाऊन परत यायची आगाऊ परवानगी मिळण्याआधी देशाबाहेर पाऊल टाकलं की आय-४८५ सोडून दिला असं धरतात. म्हणजे स्वतःच्या पगारावर उभी असलेली बाई अचानक कित्येक महिने नवऱ्याच्या खिशावर, आणि घरी काही बरंवाईट झालं तरी जाता येत नाही. नव्या लग्नात हा ताण केवढा असतो ते ज्याने काढलंय त्यालाच विचारा.

सीआर-१ मधे, म्हणजे स्पाउस व्हिसाच्या रस्त्यावर, बाहेर लग्न, मग आय-१३०, मंजुरीनंतर फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे, तिथे फी आणि कागद, मग इंटरव्ह्यू. हा सगळा काळ दोघं दोन देशांत. पण एकदा त्या व्हिसावर उतरलात की त्या क्षणापासून तुम्ही कायमचे रहिवासी, दुसऱ्या दिवशी नोकरी करा, पुढच्या महिन्यात घरी जाऊन या, कुणी अडवत नाही. शिवाय सिटिझन जोडीदारासोबत राहत असाल तर तीन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो आणि ती तीन वर्षं उतरल्या दिवसापासून मोजायची. के-१ वाल्याची मोजणी ग्रीन कार्ड मंजूर झाल्यावर सुरू होते.

एकेकाळी के-१ स्पष्ट वेगवान म्हणून ओळखला जायचा, आता तो फरक बराच आटलाय, म्हणून माझं साधं मत असं की लग्न बाहेर करता येत असेल आणि जोडीदार नोकरी करणारा असेल तर सीआर-१. के-१ कधी? जिथे बाहेर लग्न करताच येत नाही तिथे. दोघांच्या देशांपैकी एकात समलिंगी लग्नाला मान्यता नसेल आणि तिसऱ्या देशात जाणं झेपत नसेल, किंवा मुलांचा वयाचा प्रश्न असेल, तो पुढे सांगतो.

ब्रिटनमधे हाच हिशोब आणखी स्पष्ट आहे. बाहेरून स्पाउस व्हिसा घेतला तर ३३ महिन्यांचा, उतरल्यापासून नोकरीची मुभा, आणि कायमच्या हक्कासाठी लागणारी पाच वर्षं तेव्हापासून मोजायला सुरुवात. फियान्से व्हिसाचे सहा महिने या पाच वर्षांत धरत नाहीत, नोकरी नाही, आणि लग्नानंतर पुन्हा नवा अर्ज, नवी फी, उत्पन्नाचे पुरावे पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे ब्रिटनमधेच लग्न करायचं हा भावनिक हट्ट असेल तरच फियान्से. किंवा सरळ मॅरेज व्हिजिटरवर लग्न करा, परत या, आणि मग बाहेरून स्पाउस व्हिसा टाका, जास्तीचं विमानभाडं लागतं पण कधीकधी तेच स्वस्त पडतं.

कॅनडात निवड इनलँड की आउटलँड अशी असते. जोडीदार तिथेच असेल तर इनलँड, सोबत ओपन, म्हणजे एका मालकाला न बांधलेलं, वर्क परमिट मागता येतं. पण इनलँड अर्ज नाकारला तर इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे अपील नाही, आउटलँडला आहे. आणि इनलँड चालू असताना बाहेर गेलात आणि परत शिरू दिलं नाही तर अर्जच अडकतो. केसमधे थोडीशी जरी खोच असेल, मोठा वयाचा फरक, खूप कमी ओळख, आधीचा नकार, तर अपीलचा हक्क सोडू नका.

ऑस्ट्रेलियात पार्टनर व्हिसाचे दोन नंबर, ३०९ बाहेरून आणि ८२० आतून. आतून टाकला की ब्रिजिंग व्हिसा मिळतो आणि निकाल लागेपर्यंत राहता येतं. मात्र आत्ताच्या व्हिसावर ८५०३ ही अट आहे का बघा. ही म्हणजे नो फर्दर स्टे, ती असेल तर सूट मिळवल्याशिवाय आतून अर्ज करता येत नाही. लोक सगळा अर्ज भरून झाल्यावर हे बघतात.

आणखी एक गोष्ट जिच्यावर जोडपी बोलायचं टाळतात. नातं तुटलं तर काय? जो देश सोडून येतोय त्याने हे विचारावं आणि बोलावणाऱ्याने राग मानू नये. कॅनडात येणाऱ्या जोडीदारावरची दोन वर्षं एकत्र राहण्याची अट २०१७ मधे काढून टाकली, पीआर मिळाला म्हणजे मिळाला. जर्मनीत तीन वर्षं एकत्र संसार झाला की साधारणपणे स्वतंत्र राहण्याचा हक्क तयार होतो. अमेरिकेत के-१ वर आल्यानंतर आय-४८५ मंजूर होईपर्यंतचा काळ सगळ्यात नाजूक.

पाचवी पायरी: पैसे, आणि कुणाचे पैसे

फी बदलत राहतात, भरायच्या दिवशी सरकारी साइटवरचा आकडाच खरा. पण तुलनेसाठी एप्रिल २०२४ ला लागू झालेले अमेरिकेचे दर घ्या. आय-१२९एफ ६७५ डॉलर, के-१ चा व्हिसा अर्ज २६५, मग आय-४८५ चे १,४४०. झाले २,३८०, वर्क परमिट आणि ॲडव्हान्स परोलचे पैसे आणखी वेगळे. सीआर-१ ला आय-१३० कागदावर टाकला तर ६७५, ऑनलाइन ६२५, मग ३२५ आणि १२० व्हिसा सेंटरला, आणि २३५ इमिग्रंट फी. म्हणजे १,३५५. मेडिकल दोन्हीकडे वेगळं.

फीपेक्षा मोठा अडथळा उत्पन्नाचा. ब्रिटनने ११ एप्रिल २०२४ पासून ही मर्यादा वर्षाला १८,६०० पाउंडवरून २९,००० केली. आणि इथे मेख अशी की बाहेरून अर्ज करताना येणाऱ्या जोडीदाराचा परदेशातला पगार यात धरत नाहीत, कितीही जास्त असला तरी. तो कामाचा नाही, ब्रिटनमधल्या जोडीदाराचाच लागतो. पर्याय म्हणून सेव्हिंग्ज चालतात, पण उत्पन्न शून्य असेल तर ८८,५०० पाउंड, तेही सहा महिने खात्यात असलेले. त्यावर हेल्थ सरचार्ज वर्षाला १,०३५, तो ३३ महिन्यांसाठी, पूर्ण तीन वर्षं धरून, एकरकमी ३,१०५ होतो, आणि तो भरल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही.

अमेरिकेत ग्रीन कार्डाच्या टप्प्यावर आय-८६४ म्हणजे आर्थिक हमीचा फॉर्म लागतो, साधारणपणे गरिबी रेषेच्या १२५ टक्के उत्पन्न. कमी पडलं तर जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे मित्र किंवा नातेवाईक, सही करू शकतो. पण सही करणाऱ्याला नीट सांगा, ही कायदेशीर जबाबदारी आहे, घटस्फोटानेही संपत नाही. कॅनडात जोडीदाराला बोलवायला बहुतेक केसमधे किमान उत्पन्नाची अट नाही, पण तीन वर्षांची हमी द्यावी लागते. ऑस्ट्रेलियाची पार्टनर व्हिसाची फी एकटीच ९,००० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर आहे, नाकारला तरी सहसा परत मिळत नाही, म्हणून तिथे अर्धवट तयारीने अर्ज टाकणं म्हणजे जुगार.

सहावी पायरी: आधीची मुलं

जोडीदाराला पहिल्या लग्नाचं मूल असेल तर हे सगळ्यात आधी बघा, वाटलं तर या लेखात वरच ठेवायला हवं होतं. अमेरिकेत के-१ सोबत २१ च्या आतलं अविवाहित मूल के-२ वर येऊ शकतं. सीआर-१ मधे मात्र सिटिझनच्या जोडीदाराच्या केसला मूल आपोआप जोडलं जात नाही, प्रत्येक मुलासाठी वेगळा आय-१३० लागतो, आणि सावत्र नातं कायद्याने धरायचं तर मूल १८ चं होण्याआधी लग्न झालेलं असावं लागतं. समजा मुलगा साडेअठरा वर्षांचा आहे. सीआर-१ ने आई जाईल, तो मागे राहील. के-१ ने दोघं जाऊ शकतात. सगळं गणित सीआर-१ च्या बाजूचं असलं तरी या एका कारणाने उत्तर फिरतं. आणि मूल १७ चं असेल तर लग्नाची तारीख वाढदिवसाच्या आधी घ्या. दुसऱ्या पालकाची लेखी संमती जवळपास सगळीकडे लागते, ती मिळवायला वेळ लागतो, आजच सुरू करा.

सातवी पायरी: लग्न कायद्याच्या नजरेत झालंय की नाही

यात अधेमधे असणं सगळ्यात वाईट. फियान्से व्हिसा मागताय आणि मधेच मोठा धार्मिक विधी केलात, तर ऑफिसर फोटो बघून म्हणू शकतो की तुमचं लग्न झालेलंच दिसतंय. पण रजिस्टर केलेलं नाही म्हणून स्पाउस व्हिसालाही सर्टिफिकेट नाही. दोन्हीकडून अडकलात. साखरपुडा करा, अंगठ्या घाला, पण फियान्से रस्त्यावर असताना लग्नासारखं दिसणारं काही करू नका. आणि स्पाउस रस्त्यावर असाल तर विधी नंतर सावकाश करा, रजिस्ट्रेशन आधी उरका.

कुठे लग्न करायचं हेही मोकळं ठेवा. बहुतेक देश जिथे झालं तिथल्या कायद्याने वैध असेल तर लग्न मानतात. डेन्मार्क परदेशी जोडप्यांसाठी सोपं म्हणून प्रसिद्ध आहे, तिथल्या फॅमिली लॉ एजन्सीकडून आधी सर्टिफिकेट घ्यायचं, मग टाउन हॉलमधे लग्न. गंमत म्हणजे त्याच डेन्मार्कमधे परदेशी जोडीदाराला घेऊन राहायचं तर साधारणपणे दोघं किमान २४ वर्षांचे असावे लागतात. भारतात स्पेशल मॅरेज ॲक्टखाली करायचं तर ३० दिवसांची नोटीस असते, म्हणजे दोन आठवड्यांच्या सुट्टीत ते बसत नाही, हे तिकीट काढण्याआधी लक्षात घ्या. व्हिडिओ कॉलवर लग्न ही सोय अमेरिकेतल्या युटा काउंटीमुळे गाजली, पण लग्नाच्या वेळी दोघं एकत्र नसाल तर अमेरिकन इमिग्रेशनसाठी लग्नानंतर प्रत्यक्ष भेटून एकत्र राहिल्याचा पुरावा लागतो. आधीची भेट चालत नाही.

सर्टिफिकेटवरची नावं पासपोर्टशी अक्षर न अक्षर जुळतायत का बघा, काउंटरवरून हलण्याआधी. आधीचं लग्न असेल तर घटस्फोटाचा अंतिम आदेश हवा, तात्पुरता नाही. परदेशात वापरायचे कागद लागतील तिथे अपोस्टिल (कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का) करून घ्या, आणि भाषांतर लागणार असेल तर ते देश मान्य करेल अशा भाषांतरकाराकडूनच.

आठवी पायरी: खरं नातं कागदावर आणणं

लोक इथे दोन टोकं गाठतात. एक तर चार लग्नाचे फोटो, नाहीतर चारशे पानं चॅट. ऑफिसरला चारशे पानं वाचायला वेळ नसतो. त्याला बघायचं असतं की हे नातं वेळोवेळी पुढे सरकत गेलं. म्हणून तारखेने लावा. पहिली भेट, तेव्हाचे बोर्डिंग पास आणि पासपोर्टचे शिक्के, मग पुढची भेट, दोघांच्या घरच्यांसोबतचे फोटो, एकमेकांना पाठवलेले पैसे, एकत्र घेतलेलं भाड्याचं घर, विम्यावर किंवा बँकेत नॉमिनी म्हणून नाव. चॅट द्यायचे तर प्रत्येक महिन्याचं एखादं पान, पुरे. के-१ साठी मात्र एक पुरावा पक्काच हवा, अर्ज टाकण्याआधीच्या दोन वर्षांत प्रत्यक्ष भेटल्याचा.

अडचणीची बाजू लपवू नका, समजावून सांगा. वयात वीस वर्षांचा फरक आहे, ओळखीनंतर तीन महिन्यांत लग्न ठरलं, दोघांना एकमेकांची भाषा मोडकी येते, तर एका साध्या पत्रात स्वतःच लिहा की हे असं का. इंटरव्ह्यूआधी उत्तरं पाठ करू नका, पण एकमेकांच्या आयुष्यातल्या साध्या गोष्टी माहीत असू द्या, तो किती वाजता कामावर जातो, तिची भावंडं किती. पाठ केलेली उत्तरं समोरच्याला पहिल्या मिनिटात कळतात.

नववी पायरी: शॉर्टकट, आणि वकील कधी

टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथेच लग्न करून राहू, ही आयडिया प्रत्येक जोडप्याला एकदा सुचते. अमेरिकेत सिटिझनच्या जोडीदाराला कायदेशीर प्रवेश केला असेल तर आतून आय-४८५ करता येतो हे खरं, पण सीमेवर फिरायला आलोय असं सांगताना मनात लग्न करून राहायचा बेत होता असं ठरलं, तर ती फसवणूक, आणि तिची शिक्षा कायमची प्रवेशबंदी. परराष्ट्र खातं प्रवेशानंतरच्या पहिल्या ९० दिवसांतलं असं वागणं विशेष संशयाने बघतं. खरंच बेत नंतर बदलला असेल तर गोष्ट वेगळी, पण आधीच ठरवून हे करू नका, बचत फार थोडी आणि धोका आयुष्यभराचा.

साधी केस असेल, पहिलं लग्न, स्वच्छ रेकॉर्ड, पगार व्यवस्थित, तर फॉर्म स्वतः भरता येतात, बरेच लोक भरतात. पण जुना ओव्हरस्टे असेल तर वकील कराच. अमेरिकेत १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून बाहेर पडलं की तीन वर्षांची बंदी, वर्ष किंवा जास्त असेल तर दहा वर्षांची. कुठलाही जुना नकार, पोलिस केस, किंवा आधी कुणाला तरी जोडीदार म्हणून स्पॉन्सर केलेलं असणं, या सगळ्यात एक तासाचा सल्ला पुढचे पैसे वाचवतो. कॅनडात तर स्वतः जोडीदार म्हणून स्पॉन्सर होऊन आलेल्याला पीआर मिळाल्यावर पाच वर्षं नव्या जोडीदाराला स्पॉन्सर करता येत नाही. आणि व्हिसाची गॅरंटी देणारा एजंट दिसला की सरळ उठा.

दहावी पायरी: अर्ज गेल्यावर

आता एक साधं कॅलेंडर करा आणि त्यात फक्त संपायच्या तारखा लिहा. पासपोर्ट कधी संपतो, पोलिस सर्टिफिकेट किती दिवस चालतं, ब्रिटनसाठी टीबी टेस्ट लागत असेल तर ते सर्टिफिकेट सहा महिनेच वैध असतं, मेडिकल फार आधी करून ठेवलं तर पुन्हा करावं लागतं आणि तेवढ्यासाठी व्हिसा अडतो. पत्ता बदलला तर कळवा, ज्या ऑफिसकडे फाइल आहे त्यालाच. व्हिसा पासपोर्टवर चिकटून हातात येईपर्यंत नोकरीचा राजीनामा देऊ नका, घर विकू नका, परत न होणारं तिकीट काढू नका, इंटरव्ह्यूमधे अप्रूव्ह्ड म्हणाले असले तरी.

के-१ ने गेलात तर ९० दिवस उतरल्या दिवसापासून, व्हिसा मिळाल्यापासून नाही. लग्न पहिल्या महिन्यातच उरका, आय-४८५ सोबतच वर्क परमिट आणि ॲडव्हान्स परोलचे फॉर्म टाका, वेगवेगळे टाकत बसू नका. आणि दोन वर्षांचं कंडिशनल कार्ड मिळालं असेल तर त्याच्यावरची संपायची तारीख बघून तिच्या आधीचे ९० दिवस दोघांच्याही फोनमधे लावून ठेवा, आय-७५१ त्याच खिडकीत जातो, त्याआधी टाकला तर परत पाठवतात.